कावीळ : समज, गैरसमज आणि उपचार

कावीळ हा स्वतंत्र रोग नसून ते एक लक्षण आहे, हे वाक्य आपण सर्वांनी शालेय पुस्तकात वाचलेले आहे. तरीही घरात कोणाचे डोळे पिवळे दिसू लागले की पहिला प्रश्न निघतो तो 'माळ कोण घालतं?' हाच. या बाबतीत शिकलेल्या आणि न शिकलेल्या घरांत फारसा फरक नाही, असे आमचे निरीक्षण आहे. म्हणून स्मरणिकेसाठी लिहिताना आम्ही हाच विषय घेतला. आम्ही वैद्यकीय शाखेचे नव्हेत. कला शाखेचे पदवीधर आहोत आणि बँकेत कारकुनी करतो. परंतु दवाखान्यासाठी ठेव मोडायला आलेला माणूस पुष्कळदा रक्ततपासणीचा कागदही काउंटरवर पुढे सरकवतो आणि 'साहेब, यात काय लिहिलंय तेवढं सांगा' असे म्हणतो. अशा कागदांमुळेच या विषयाचे वाचन करणे आम्हांस भाग पडले. जे समजले ते येथे मांडत आहोत.

आपल्या रक्तातील तांबड्या पेशी साधारण चार महिन्यांनी जुन्या होऊन मोडतात. त्यांच्यातून बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य निघते. ते रक्तातून उचलून पित्तावाटे आतड्यात टाकणे हे यकृताचे, म्हणजे लिव्हरचे काम आहे. यकृताला सूज आली की हे काम तुंबते, पिवळे द्रव्य रक्तात साचते आणि आधी डोळ्यांत, मग त्वचेवर दिसू लागते. लघवी गडद होते. यकृताच्या सुजेला हिपॅटायटिस म्हणतात. सूज अचानक येऊन काही आठवड्यांत ओसरणारी असेल तर ती तीव्र, म्हणजे अक्यूट आणि सहा महिन्यांच्या पुढे रेंगाळली तर ती जुनाट.

प्रत्येक कावीळ सुजेचीच असते असे नाही. पित्ताच्या नळीत खडा किंवा गाठ अडकली तरी डोळे पिवळे होतात; अशा वेळी अंगाला फार खाज सुटते आणि शौचाचा रंग पांढुरका, मातीसारखा होतो. मलेरिया, लेप्टोस्पायरोसिस यांसारख्या तापातही कावीळ होते. क्षयरोगाची औषधे चालू असताना डोळे पिवळे झाले किंवा सतत मळमळ सुरू झाली, तर पुढची गोळी घेण्यापूर्वी त्याच दिवशी डॉक्टरांना गाठले पाहिजे, कारण त्यांतील काही औषधे स्वतःच यकृताला सूज आणू शकतात. एकच माळ या सगळ्या आजारांवर कशी चालते, हे माळ घालणाऱ्याला विचारून पाहावे.

आपल्याकडे तीव्र सुजेचे सर्वांत मोठे कारण म्हणजे विषाणू. त्यांना ए, बी, सी, डी आणि ई अशी नावे आहेत. ए आणि ई हे तोंडावाटे, म्हणजे मैला मिसळलेल्या पाण्यातून आणि अन्नातून येतात. बी, सी आणि डी हे रक्तातून, सुईतून, शरीरसंबंधातून आणि, विशेषतः बी, आईकडून बाळाला मिळतात. लोक पिवळी, पांढरी आणि काळी अशा तीन काविळी मानतात. त्यातील 'पांढरी' म्हणजे बहुतेक ठिकाणी बी विषाणूचा आजार समजला जातो. पण डोळ्यांच्या रंगावरून विषाणू ओळखता येत नाही, त्यासाठी रक्तच तपासावे लागते.

आता पाण्याच्या काविळीकडे वळू, कारण आपल्या तालुक्याचा संबंध तिच्याशी जास्त येतो. ए विषाणू शरीरात गेल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सरासरी चार आठवडे जातात. ई विषाणूला दोन ते नऊ-दहा आठवडे, बहुधा पाच-सहा आठवडे लागतात. आजारी माणूस मात्र काल काय खाल्ले ते आठवत बसतो. परवाच्या लग्नातल्या जेवणाला दोष देतो. खरे कारण महिना-दीड महिन्यापूर्वी प्यालेल्या पाण्यात असते, आणि तोपर्यंत तो त्या जागेवरून कित्येक कोस दूर आलेला असतो.

आमच्या मते ऊसतोडणीला जाणाऱ्या कुटुंबांनी हा हिशेब नीट ध्यानात घ्यावा. दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. सांगली, कोल्हापूर, सातारा आणि कर्नाटकापर्यंत जातात आणि कारखान्याचा पट्टा पडला की मार्च-एप्रिलमध्ये परततात. फडाजवळ कोपी असते. पाणी पाटाचे, ओढ्याचे किंवा कोणाच्या तरी विहिरीचे. शौचास उघड्यावर. फेब्रुवारीत फडावर प्यालेले पाणी एप्रिलमध्ये पाटोद्याला कावीळ दाखवते. गावात कोणालाच साथ नसताना एखाद्या वस्तीवर तीन-चार जण पिवळे पडले, तर एप्रिलच्या गावाइतकाच फेब्रुवारीच्या फडाचाही विचार केला पाहिजे. २०१२ च्या उन्हाळ्यात कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजीत काविळीची मोठी साथ पसरली होती आणि शहराच्या दूषित पाणीपुरवठ्याचा प्रश्न त्या वेळी राज्यभर गाजला. ज्या मुलखात आपली माणसे ऊस तोडायला जातात, तोच हा मुलूख.

ई विषाणूची हकीकत विद्यार्थ्यांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. १९५५ च्या अखेरीस यमुनेचा प्रवाह बदलल्यामुळे दिल्लीचे सांडपाणी मागे सरकून शहराला पाणी पुरविणाऱ्या केंद्राजवळ आले. जलशुद्धीकरणाच्या लोकांनी धोका ओळखून औषधाची मात्रा वाढविली. त्याचा परिणाम असा झाला की विषमज्वर वाढला नाही, हगवण वाढली नाही, परंतु डिसेंबर १९५५ व जानेवारी १९५६ मध्ये सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. जीवाणू मेले, विषाणू निसटला. त्या वेळी सर्वांनी ही ए प्रकारची कावीळ मानली. पुढे जवळजवळ पंचवीस वर्षांनी जपून ठेवलेल्या रक्ताची तपासणी झाली, तेव्हा ती ए नव्हतीच असे आढळले. १९७८ मध्ये काश्मीर खोऱ्यात अशीच मोठी साथ आली आणि तिच्या अभ्यासातून डॉ. एम. एस. खुरू यांनी हा वेगळाच आजार असल्याचे मांडले. १९८३ मध्ये बालायान या रशियन शास्त्रज्ञाने रुग्णांच्या विष्ठेचा अंश स्वतः पिऊन स्वतःला कावीळ करून घेतली आणि विषाणू सूक्ष्मदर्शकाखाली दाखविला. माणसाला शास्त्राचे वेड काय थराला नेते, त्याचा हा नमुनाच म्हणावा लागेल. आपल्या पुण्यातील राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनेही या विषाणूवर पुढे मोलाचे संशोधन केले आहे.

दिल्लीच्या त्या साथीतच डॉक्टरांच्या एक गोष्ट लक्षात आली होती. इतरांना जी कावीळ साधी जाते, ती गरोदर स्त्रियांच्या जिवावर उठते. ई विषाणूची कावीळ शेवटच्या तीन महिन्यांत झाली, तर शंभरातील वीस ते पंचवीस स्त्रिया दगावू शकतात असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. इतरांत हे प्रमाण शंभरात एक-दोनच्या आसपास राहते. बाळ पोटातच जाण्याचा किंवा दिवस भरण्यापूर्वी जन्मण्याचा धोकाही असतो. सातव्या-आठव्या महिन्याची बाई मोळ्या वाहते, पाटाचे पाणी पिते, हे चित्र आपणांस परके नाही. तिची मळमळ, उलटी, थकवा, जेवण न जाणे हे सारे 'दिवसांचं आहे' म्हणून सोडून दिले जाते. सासूबाईंचाही दोष नाही, कारण लक्षणे खरोखरच सारखी आहेत. पण पहिल्या तीन महिन्यांनंतर उलट्या नव्याने सुरू झाल्या, लघवी चहासारखी गडद होऊ लागली, डोळ्यांचा पांढरा भाग उजेडात पिवळसर दिसला, तर गावातले कोणतेही औषध न करता तिला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. उघड्या उजेडात डोळे पाहावेत, पिवळ्या दिव्याखाली ते कळत नाहीत.

आता तो तपासणीचा कागद. त्यावर बिलिरुबिनचा आकडा असतो. तो निरोगी माणसात साधारण एकपर्यंत असतो आणि अडीच-तीनच्या पुढे गेला की डोळ्यांना दिसू लागतो. त्याच्या खाली एसजीपीटी व एसजीओटी असतात. ही द्रव्ये यकृताच्या पेशींच्या आत राहणारी. पेशी फुटल्या की ती रक्तात सांडतात. एरवी चाळीसच्या आतबाहेर असणारा एसजीपीटीचा आकडा तीव्र सुजेत हजार, दोन हजार असा जातो आणि घरचे लोक तो पाहूनच हाय खातात. खरे पाहता हा आकडा किती मोठा आहे यावरून रोगी वाचेल की नाही हे ठरत नाही. इतकेच नव्हे, तो झपाट्याने खाली आला म्हणजे सुधारणा झालीच असेही नाही. खात्यातून पैसे निघणे थांबले याचे दोन अर्थ होतात. एक तर खर्च आटोक्यात आला, नाहीतर खात्यात शिल्लकच उरली नाही. एसजीपीटी उतरत आहे, बिलिरुबिन मात्र चढत आहे आणि रोगी सुस्तावत चालला आहे, तेव्हा दुसरा अर्थ घ्यावा लागतो.

शिल्लक किती आहे ते सांगणारी तपासणी वेगळी आहे. तिचे नाव प्रोथ्रॉम्बिन टाइम, आणि तिच्यावरून काढलेला आकडा म्हणजे आयएनआर. रक्त गोठण्यास लागणारी द्रव्ये यकृत तयार करते आणि त्यांतील काहींचा साठा काही तासांतच संपू लागतो. यकृत थकले की रक्त गोठायला उशीर लागतो आणि हा आकडा एकावरून चढू लागतो. तो दीडच्या पुढे गेला आणि सोबत शुद्धीत फरक पडला, तर डॉक्टर त्यास यकृत निकामी होणे असे म्हणतात. म्हणून कागद हाती आल्यावर बिलिरुबिन पाहून झाले की 'पीटी-आयएनआर केली का?' एवढे डॉक्टरांना नम्रपणे विचारण्यास हरकत नाही. विषाणू कोणता हे कळण्यासाठी ए व ई यांच्या आयजीएम तपासण्या आणि बीसाठी एचबीएसएजी ही तपासणी करतात. ज्या तरुणाला साधी कावीळ आहे, जेवण जात आहे, त्याची प्रत्येक दुसऱ्या दिवशी सगळी तपासणी करून घेण्यात मात्र अर्थ नाही. पैसे वाया जातात.

कागदापेक्षाही घरच्यांचे डोळे महत्त्वाचे. ज्याला कावीळ झाली आहे तो दिवसा झोपतो आणि रात्री जागतो, असंबद्ध बोलतो, चिडतो, साध्या प्रश्नाचे उत्तर चुकवतो, समोर धरलेले हात त्याला स्थिर ठेवता येत नाहीत, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येते, उलटी थांबत नाही, पोट फुगते, अशांपैकी एक जरी चिन्ह दिसले तरी वेळ घालवू नये. डोळे किती पिवळे आहेत हा प्रश्न तेथे गौण आहे. काही रोगी फारसे पिवळे न दिसताही बेशुद्धीत जातात. अशा वेळी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. पाटोद्याचे ग्रामीण रुग्णालय हा पहिला टप्पा. तेथून बीडचे जिल्हा रुग्णालय, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय किंवा छत्रपती संभाजीनगरची घाटी यांपैकी कोठे न्यायचे ते डॉक्टर ठरवतील. गरोदर स्त्रीच्या बाबतीत ही चिन्हे दिसण्याची वाट पाहू नये.

आता माळेविषयी. घेटुळीसारख्या वनस्पतीच्या ओल्या काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्याच्या विशिष्ट गाठींत अडकवून ही माळ करतात. काड्या वाळतात, आकसतात, गाठी सैल पडतात आणि दोरा सुटत जाऊन माळ लांबते. कपाळावरची माळ गळ्यात येते, गळ्यातली बेंबीपर्यंत. खुंटीला टांगली तरी ती लांबेलच. हात धुऊन पिवळे पाणी काढून दाखविणारे आंब्याच्या सालीचा रस हाताला लावतात आणि चुन्याच्या निवळीत हात बुडवायला सांगतात. या दोहोंच्या संयोगाने पाणी पिवळे होते. धडधाकट माणसाच्या हातांवरही तेच घडते, आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी असे प्रयोग गावोगाव करून दाखविले आहेत. नाकात कडू देवडांगरीचा रस सोडतात, त्याने नाकाच्या आतील नाजूक त्वचेचा दाह होऊन पिवळसर पाणी तासन् तास गळते. ते पाणी नाकाचे असते, काविळीचे नव्हे. मनगटावर किंवा दंडावर डाग देण्याने जखम चिघळते, एवढाच त्याचा परिणाम.

मग माळेने इतके लोक बरे कसे होतात? याचे उत्तर फार सोपे आहे. ए आणि ई यांची कावीळ बहुसंख्य लोकांत तीन ते सहा आठवड्यांत आपोआप बरी होते. शरीरच विषाणूला हटवते. माळ घातली तरी बरी होते, न घातली तरी होते. श्रेय मात्र माळेला मिळते, आणि ज्या एकाची कावीळ बिघडते त्याच्याबद्दल 'उशीर केला', 'पथ्य मोडलं' असे म्हटले जाते. जो बरा होणारच होता त्याला माळेने काही केले नाही. पण जो बिघडणार होता त्याचे दोन-तीन मोलाचे दिवस तिने खाल्ले. माळ घालणारे पुष्कळदा पैसेही घेत नाहीत, सेवा म्हणून करतात, हे आम्ही जाणतो. त्यांच्या हेतूबद्दल आम्हांस काही म्हणावयाचे नाही. त्यांनी फक्त एवढे करावे, की गरोदर बाई, बडबडणारा किंवा झोपाळलेला रोगी आणि रक्तस्राव होणारा रोगी दारात आला तर त्याला हात न लावता रुग्णालयाची वाट दाखवावी. पुष्कळ जीव तेवढ्यानेही वाचतील.

ए आणि ई यांच्या साध्या काविळीवर खास औषध नाही, हे ऐकून लोक निराश होतात आणि सलाइन मागतात. ज्याला तोंडाने पाणी आणि अन्न जाते त्याला सलाइनची गरज नसते. शक्तीची इंजेक्शने आणि लिव्हरची टॉनिके यांनी आजार लवकर हटतो असे सिद्ध झालेले नाही. अंगात त्राण नसेल तोवर विश्रांती घ्यावी, पण महिनाभर अंथरुणाला खिळून राहण्याचे कारण नाही. ताप किंवा अंगदुखीसाठी दुकानातून गोळ्या आणून घेऊ नयेत, कारण साधी पॅरासिटामॉलदेखील जास्त झाली तर यकृताला मारक ठरते. दारू अजिबात नको. नावगाव नसलेले काढे आणि भस्मेही नकोत, सुजलेल्या यकृतावर तो नवा बोजा आहे.

पथ्याच्या नावाखाली रोग्याची उपासमार होते, हे आम्हांस सर्वांत जास्त खटकते. तेल बंद, हळद बंद, मीठ बंद, नुसते फुटाणे आणि उसाचा रस. भाजीतल्या हळदीने कावीळ वाढत नाही. रंग सारखा आहे एवढाच तिचा गुन्हा. यकृताला भरून येण्यासाठी अन्न लागते. भाकरी, मऊ भात, वरण, दूध, केळी, अंडे यांपैकी जे रुचेल ते द्यावे. तेलकटाने मळमळत असेल तरच ते कमी करावे. या आजारात सकाळी भूक बरी असते आणि संध्याकाळकडे मळमळ वाढते, म्हणून मोठे जेवण सकाळी द्यावे, ही साधी युक्ती फार उपयोगी आहे. उसाचा रस घरी काढला तर हरकत नाही, पण रस्त्यावरच्या गाड्यावरचा बर्फ कोणत्या पाण्याचा आहे हे कोणास ठाऊक? कावीळ बरी करायला म्हणून प्यालेल्या रसातून दुसरी कावीळ यायची.

बी विषाणूचे प्रकरण निराळे. मोठ्या माणसाला तीव्र बी झाला तर शंभरातील सुमारे पंच्याण्णव जण स्वतःहून त्यातून मुक्त होतात. पण जन्मताना आईकडून बाळाला झाला तर दहांतील नऊ बाळांत तो कायमचा घर करतो आणि पुढे यकृत खराब करतो, क्वचित कर्करोगापर्यंत नेतो. म्हणून जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत बाळाला या रोगाची पहिली लस मिळाली पाहिजे. सरकारी रुग्णालयात ती मोफत आहे. प्रसूती कोपीवर किंवा वाटेत झाली तर हीच लस हुकते, तेव्हा बाळाला त्याच दिवशी जवळच्या आरोग्य केंद्रात न्यावे. २००९ मध्ये गुजरातमधील मोडासा भागात वापरलेल्या सुया पुन्हा वापरल्यामुळे बी काविळीची साथ पसरून अनेक लोक मृत्युमुखी पडले. इंजेक्शन घेताना सुई पाकिटातून आपल्या समोर काढली जाते की नाही हे पाहावे. दाढीचे पाते आणि जत्रेतील गोंदणाची सुई यांनाही तोच नियम. एचबीएसएजी ही तपासणी सदोष आली असेल तर सहा महिन्यांनी ती पुन्हा करावी. बी आणि सी यांच्या तपासणी व औषधांसाठी २०१८ पासून शासनाचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. त्याची चौकशी जिल्हा रुग्णालयात करता येते.

राहता राहिले पाणी. बालाघाटच्या माथ्यावरचा आपला तालुका. मांजरा येथेच उगम पावते, आणि तरी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. टँकरचे पाणी कोठे भरले आणि त्यात ब्लीचिंग पावडर पडली की नाही, हे ग्रामपंचायतीत विचारण्याचा सर्वांना हक्क आहे. नळाच्या टोकाच्या घरी ओ.टी. टेस्ट करून घ्यावी. पाणी पिवळसर झाले तर क्लोरीन शिल्लक आहे असे समजावे. पिवळ्या रंगाचा आनंद व्हावा असा हा एकच प्रसंग. पाणी गढूळ असेल तर क्लोरीनचा बराचसा जोर त्या गाळावरच खर्ची पडतो, म्हणून आधी निवळू द्यावे, गाळावे, मग औषध टाकून अर्धा तास थांबावे. गरोदर बाईसाठी मात्र खळखळ उकळलेले पाणीच द्यावे. फडावर दोन वेळच्या स्वयंपाकालाच सरपण पुरत नाही, तेथे एवढ्या माणसांचे पाणी कोण उकळणार, हा प्रश्न रास्त आहे. पण टोळीतल्या एका बाईपुरती एक कळशी रात्री चुलीच्या निखाऱ्यांवर उकळून झाकून ठेवणे जमण्यासारखे आहे. टोळी निघण्यापूर्वी मुकादमाशी उचलीचा हिशेब होतो, त्याच बैठकीत पिण्याच्या पाण्याचा टँकर कोण देणार आणि जवळचे आरोग्य केंद्र कोणत्या गावी आहे, हेही विचारून घ्यावे.